स्टूलवाल्या सिस्टर

पुरुषांच्या वॉर्डात एक लोखंडी स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड होता. ते ओढलं की फरशीवर आधी कर्रकन ओरखडा उमटायचा आणि ठेवलं की टक् असा आवाज यायचा. हा आवाज आला की वॉर्डातली वीसच्या वीस माणसं चिडीचूप. पेपर वाचणारा पेपर खाली घ्यायचा, घोरणारा घोरायचा थांबायचा. सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर, की स्टूल कुणाच्या खाटेशी थांबतंय.

कारण वॉर्डात एक समजूत होती, आणि नव्या पेशंटला चादर मिळायच्या आधी ती मिळायची. सिस्टर ज्याच्याजवळ स्टूल घेऊन बसतात, त्याचं काही खरं नाही.

ही समजूत निव्वळ खुळचटपणाची होती असं छातीठोकपणे सांगावं, तर पंचाईत अशी की ती अगदीच खोटीही नव्हती. या सिस्टर उगाच कुणाजवळ बसत नसत. एखादं औषध पेशंटच्या अंगात पहिल्यांदाच जाणार असलं, की त्या स्टूल ओढायच्या आणि पंधरा मिनिटं ठाण मांडून बसायच्या. खिशाशी उलटं टाचलेलं घड्याळ, मांडीवर हात, नजर पेशंटवर. ओठ, मान, तळवे, श्वास. आणि काहीबाही विचारत राहायच्या, मुलं किती, दुकान कुठं, भाजीत मीठ बरोबर होतं का. लोकांना वाटे, गप्पिष्ट बाई आहे. पण त्यांचं लक्ष उत्तराकडे नसेच. कातडीवर काही दिसायच्या आधी कधीकधी आवाज बदलतो, तो त्या ऐकत असत.

शंभरात नव्व्याण्णव वेळा काहीही होत नसे. सिस्टर उठत, स्टूल परत नेत, आणि लोक विसरून जात. उरलेली एक वेळ मात्र लोक वर्षानुवर्षं सांगत. "त्या बसल्या नि दहा मिनिटांत त्याचा चेहरा सुजला बघा!" जगलेल्यांनीसुद्धा हे असंच सांगितलं. वाचवलं कुणी हे राहिलं बाजूला, लक्षात राहिलं ते स्टूल.

घरीही तीच तऱ्हा. नवऱ्यानं डोकं दुखायची गोळी घेतली, की या समोर खुर्ची ओढून हजर.

"अगं, गोळी आहे, विष नाही."

"घ्या हो तुम्ही. मी आपली बसलेय."

"तू अशी बघत बसलीस की जास्तच दुखतं."

लेक तर म्हणायची, आई जेवताना माझ्याकडे बघू नकोस, घास खाली उतरत नाही. सासूबाई तेवढ्या त्यांच्या बाजूच्या. "बघू दे गं तिला," म्हणायच्या, "माझ्याकडे इतकं निरखून तुझ्या आजोबांनीही कधी बघितलं नाही."

या सिस्टरांच्या आणखी दोन खोडी होत्या. एक म्हणजे, "काही होत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. सुई टोचताना, पट्टी बदलताना, रडणाऱ्याला गप्प करताना दवाखान्यातलं प्रत्येक माणूस हे वाक्य दिवसातून वीसदा म्हणतं. सिस्टर म्हणत नसत. "दुखेल," म्हणायच्या, किंवा "बघू या," किंवा नुसतं "मी आहे." दुसरी खोड अलीकडची. भरतीचा फॉर्म लिहिताना त्या एक प्रश्न विचारू लागल्या होत्या, जो फॉर्मवर छापलेला नव्हता. "तुमच्याकडे कधी कुणाला अचानक काही झालं होतं का? बाहेरचं म्हणा, आतलं म्हणा, ज्याला तुम्ही घरात काही वेगळंच नाव देता असं?" नवे डॉक्टर गालातल्या गालात हसायचे. हसू देत. हा प्रश्न कुठून आला, त्याचीच ही हकिगत आहे.

पहिली खोड मात्र फार जुनी. नोकरीचं दुसरं वर्ष, तेव्हा सिस्टर बायकांच्या वॉर्डात होत्या. तिथं एक शाळामास्तरीणबाई होत्या. केस नीट विंचरलेले, मांडीवर मुलांच्या वह्या, हातात लाल पेन्सिल. सिस्टरांनी त्यांच्या नळीतून औषध सुरू केलं आणि पुढच्या खाटेकडे निघाल्या, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "काहीतरी वाईट होणार आहे."

"कुठं दुखतंय का?"

"नाही. पण होणार आहे."

आवाजात तक्रार नव्हती, भीतीही नव्हती. उद्या सुट्टी आहे असं वर्गात सांगावं, तसा सपाट आवाज. सिस्टर हसल्या. "काही होत नाही, बाई," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. चार खाटांचे ताप बघून वळल्या, तर लाल पेन्सिल फरशीवर पडली होती आणि बाईंचे ओठ शाईसारखे निळे पडले होते. मग धावपळ झाली, पण ती करून उपयोग नव्हता.

हे सिस्टरांनी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत ते वाक्य त्यांनी पाच वेळा ऐकलं. एकदा ट्रक चालवणाऱ्या पैलवान गड्याच्या तोंडून, एकदा कॉलेजातल्या पोरीच्या, एकदा खानावळीतल्या आचाऱ्याच्या. माणसं वेगळी, वाक्य तेच. आणि खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणजे, आवाजही तोच. जणू कुणी एकच माणूस या सगळ्यांच्या तोंडातून बोलत होतं. नर्सिंगच्या पुस्तकात याची एक ओळ आहे, की औषध अंगावर उलटलं तर पेशंटला मृत्यू जवळ आल्यासारखं वाटतं. शरीराला आधी कळतं, डोक्याला मागाहून. सिस्टरांना ओळ पाठ होती. तरी तो आवाज आला की मानेवरचे केस उभे राहायचे ते राहायचेच.

तर त्या दिवशी खाट क्रमांक अकरावर टेलरमास्तर आले. पन्नाशीचा, हडकुळा, बोलघेवडा माणूस. मशीन चालवून चालवून पायाला झालेली जखम चिघळली होती. सोबत त्यांची मोठी बहीण. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून वॉर्डही ताईच म्हणू लागला. लग्न केलं नव्हतं, भावाला तिनंच वाढवलं होतं. गळाबंद ब्लाउज, ओठ मिटलेले, हातात पिशवी घट्ट.

फॉर्म लिहिताना सिस्टरांनी छापील प्रश्न विचारला. "कुठल्या औषधाचा त्रास झालाय कधी?"

ताईंनी भावाकडे बघितलं. भावानं खिडकीकडे बघितलं. मग ताई म्हणाल्या, "नाही."

मध्ये क्षणभराची फट पडली होती. ती सिस्टरांच्या ध्यानात आली. पण त्या दिवशी अकरा फॉर्म लिहायचे होते, म्हणून त्यांनी "नाही" लिहिलं. कातडीत थेंबभर औषध टोचून बघतात, तेही बघितलं. फोड नाही, लाली नाही. ते साफ निघालं की माणसं निर्धास्त होतात. सिस्टर होत नसत.

दुपारचे पावणेतीन. सलाईनला औषध जोडलं आणि सिस्टरांनी स्टूल ओढलं. कर्र, टक्. वॉर्ड गप्प.

ताई उभ्या राहिल्या आणि खाट नि स्टूल यांच्या मध्ये येऊन थांबल्या.

"तुम्ही इथं बसायचं नाही."

"पंधराच मिनिटं, ताई. नवं औषध आहे."

"मला सगळं सांगितलंय लोकांनी. तुम्ही बसता आणि माणसाला होतं. माझा एकच भाऊ आहे. हात जोडते, पण हे स्टूल इथून न्या!"

टेलरमास्तर ओशाळले. "ताई, अगं असं काय..." ड्युटीवरची धाकटी सिस्टर धावत आली, वॉर्डात कुजबुज सुरू झाली. सिस्टरांना राग आला, आणि खोटं कशाला बोला, वाईटही वाटलं. अठ्ठावीस वर्षं ज्यांच्या उशाशी बसलो त्यांनी आपल्याला पनवतीच ठरवावं? पण भांडत बसलं तर पंधरा मिनिटं भांडणातच जाणार. त्यांनी स्टूल उचललं, आवाज न करता, आणि समोरच्या भिंतीशी हात धुवायच्या बेसिनजवळ ठेवलं. अकरा नंबरकडे पाठ करून बसल्या. ताईंना समाधान वाटलं असावं, त्या खाली टेकल्या.

बेसिनवर हातभर आरसा होता. त्यात अकरा नंबरची खाट अख्खी दिसत होती.

आरशात उन्हाचा पट्टा टेलरमास्तरांच्या छातीवर पडलेला. मास्तर बहिणीला हसवायला बघत होते. "त्या वकिलाची पँट आठवते का गं? तीनदा सैल केली. शेवटी म्हटलं, साहेब, आता कापड संपलं, तुम्ही..." आणि बोलता बोलता त्यांनी डाव्या हाताचा तळवा उजव्या नखांनी खाजवला. एकदा. मग पुन्हा.

सिस्टर उठायच्या आतच त्यांना आरशात ताईंचा चेहरा दिसला. ताईही त्या तळव्याकडेच बघत होत्या. तोंडावरचा रंग पार उडालेला. ओठ हलले. आवाज आला नाही, पण शब्द कळला.

"आली."

आणि टेलरमास्तर चकचकीत उन्हात, दोन वाजून बावन्न मिनिटांनी, सरळ समोर बघत म्हणाले, "ताई, दिवा कोणी घालवला?"

मग तोच सपाट आवाज. "काहीतरी वाईट होणार आहे."

स्टूल उलटं पडलं. सिस्टरांनी आधी नळी चिमटून औषध बंद केलं, "डॉक्टर! ट्रे!" अशी हाक मारली आणि उशी ओढून काढून मास्तरांना सपाट झोपवलं. धाकटीनं पायाखाली उशा दिल्या. मानेवर गांधी उठत होत्या, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, मनगटाची नाडी बोटाखालून निसटत होती. ट्रेमध्ये ॲड्रिनलिनची सुई भरून तयार ठेवायचा सिस्टरांचा शिरस्ता होता, त्यावरून धाकटी त्यांची चेष्टाही करायची. त्यांनी लेंग्यावरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई खुपसली. ऑक्सिजन लावला, नळी बदलून साधं सलाईन धो धो सोडलं. तरुण डॉक्टर आला तेव्हा बीपी वर चढायला लागलं होतं. पाच मिनिटांनी आणखी एक इंजेक्शन. मग मास्तरांनी डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "पँट कुणाची म्हणालो मी?"

वॉर्डानं सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर म्हणाला, "सिस्टर, कमाल केलीत." आणि तासाभरात तो मास्तरांना लावलेला नाडी-बीपीचा मॉनिटर काढायला आला. दुसरीकडे हवा होता, आणि पेशंट तर चहा मागत होता.

तेव्हा ताई पहिल्यांदा सिस्टरांजवळ आल्या. पडद्याची कड मुठीत धरून, अगदी हळू बोलल्या. "गेली. पण ती परत येते, सिस्टर."

"कोण?"

"ती. आमच्या घरातली. आधी तळवे खाजतात, मग डोळ्यांपुढे अंधार करते. सोडून जाते. सगळे म्हणतात, बरं झालं. आणि संध्याकाळी परत येते. आईला अशीच घेऊन गेली. हा एकोणीस वर्षांचा असताना याच्याकडे आली होती, गळू झालं होतं तेव्हा. त्या दिवशीही दोनदा आली. आम्ही ते घर सोडलं. तरी मागोमाग आलीच बघा."

"गळवाला तेव्हा इंजेक्शन दिलं होतं?"

"दिलं असेल."

"मग मी विचारलं तेव्हा 'नाही' का म्हणालात?"

ताईंना प्रश्नच कळला नाही. "तुम्ही औषधाचं विचारलंत. ती काय औषध आहे?"

सिस्टरांनी मॉनिटरवर हात ठेवला. कारण ताई सांगत होत्या ते सगळं बरोबर होतं. तळवे, अंधार, मधली शांतता, आणि औषध बंद करूनही काही तासांनी उलटून येणारा दुसरा झटका. परीक्षेत कुणी इतकं नेमकं लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. या बाईनं ते कुठलंही पुस्तक न उघडता, दोन माणसांच्या उशाशी बसून पाठ केलं होतं, आणि त्याला एक नाव दिलं होतं.

सिस्टर डॉक्टरपाशी गेल्या. "मॉनिटर हलणार नाही. पूर्वी एकदा झालंय, तेव्हाही परत उलटलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"नातेवाइकांनी. आणि त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात."

ड्युटी पाचला संपली. सिस्टरांनी घरी फोन केला, उशीर होईल. "बसलीयस ना?" नवऱ्यानं विचारलं. "बसलेय." मग त्यांनी स्टूल उचललं. या वेळी ताईंनी अडवलं नाही, उलट आपली पिशवी सरकवून जागा करून दिली. खाटेच्या एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला ताई. मध्ये टेलरमास्तर झोपलेले. दोघी एकाच गोष्टीची वाट बघत होत्या, दोघींच्या मनात तिचं नाव मात्र वेगळं. सहा वाजले, साडेसहा वाजले. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढून विझला.

पावणेसातला झोपेतच मास्तरांचा उजवा हात हलला आणि नखं डाव्या तळव्यावर फिरू लागली.

"आता," ताई म्हणाल्या.

सिस्टरांची सुई तोवर मांडीत गेली होती.

दुसरा झटका पहिल्याहून वाईट होता. पण या वेळी ट्रे उशाशी होता, डॉक्टर दाराशी होता, आणि कुणी बेसावध नव्हतं. पाऊण तासानं मास्तरांचा श्वास ताळ्यावर आला. डॉक्टरनं कपाळ पुसलं आणि मॉनिटर हलवायचं पुन्हा नाव काढलं नाही.

सिस्टरांनी केसपेपरवर लाल अक्षरात औषधाचं नाव लिहिलं. मास्तरांच्या मनगटाला लाल पट्टी बांधली. एका जाड कार्डावर तेच नाव मोठ्या अक्षरात लिहून ते ताईंच्या हातात दिलं आणि समजावून सांगितलं. ती म्हणजे हे. हे पुन्हा कधी अंगात जाऊ द्यायचं नाही. जिथं जाल तिथं आधी कार्ड दाखवायचं. एकाला आहे म्हणून दुसऱ्याला असेलच असं नाही, पण तुम्हीही सांगत जा. हे गेलं नाही, तर तीही येणार नाही. सिस्टरांना वाटलं, बाईच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं असेल.

ताई कार्डाकडे बघत राहिल्या. भाऊ घोरत होता, पण त्यांचा चेहरा दुपारपेक्षा पांढरा झाला.

"आईची दाढ सुजली होती," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. जेवणानंतर एक, संध्याकाळी एक. मी तेरा वर्षांची. वडील कामावर, हा पाळण्यात. दुपारची गोळी मीच दिली. मग ती आली. गेली. आई उठून बसली, माझी वेणीसुद्धा घातली. संध्याकाळ झाली, गोळीची वेळ झाली."

सिस्टरांना पुढचं कळलं. ऐकू नये असं वाटलं.

"मी वेळ चुकवली नाही, सिस्टर. वडिलांनी बजावलं होतं, वेळ चुकवू नको. मग ती परत आली नव्हती. मीच आणली तिला. पन्नास वर्षं मी तिला शिव्या देतेय. ती नव्हतीच का कुणी?"

आता इथं काहीतरी बोलणं भाग होतं. अशा वेळी माणूस जे बोलतं ते सिस्टरांच्या जिभेवर आलंही. त्यांनी ते गिळलं.

"आज दुसरा डोस कुणी दिला नव्हता," त्या म्हणाल्या. "तरी परत आलं. तुमच्या आईला कशानं झालं, पहिल्या गोळीनं की दुसऱ्या, की आणखी कशानं, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. खोटं कशाला सांगू?"

ताईंनी मान हलवली. डोळे कोरडेच.

आणि मग सिस्टरांनी अठ्ठावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. विंचरलेले केस, मुलांच्या वह्या, लाल पेन्सिल. "मी तेरा वर्षांची नव्हते, ताई. शिकलेली होते, पगार घेत होते. त्या मला आधी सांगत होत्या, आणि मी पुढच्या खाटेकडे गेले."

"काय म्हणाल्या होत्या त्या?"

"काहीतरी वाईट होणार आहे."

ताई म्हणाल्या, "आईसुद्धा. हेच. गोळी आणि पाण्याचा पेला माझ्या हातात होता. आणि मी म्हटलं..."

"काही होत नाही," सिस्टर म्हणाल्या.

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. दोघींपैकी कुणीच डोळे पुसले नाहीत. मग ताईंनी हातातलं कार्ड मांडीवर पालथं ठेवलं.

सिस्टर उठल्या आणि त्यांनी स्टूल ओढलं. कर्रकन आवाज झाला, वॉर्डातली माणसं गप्प झाली, वीस माना वळल्या. स्टूल खाटेला वळसा घालून ताईंच्या खुर्चीसमोर आलं आणि टक् करून थांबलं. सिस्टर बसल्या. ताईंचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, सवयीनं एकदा तळवा बघितला, आणि तसाच धरून ठेवला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. त्या दिवशी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.